आधी काठ, मग पाणी

कोकणात मूल चालायला लागलं की राहतं घर पुन्हा एकदा नव्याने बघावं लागतं. मागीलदारी विहीर, तिचा कठडा मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढा. शेजारी गुरांना पाणी पाजायची जांभ्याची डोण. न्हाणीघरात काठोकाठ भरलेलं पिंप, कारण वीज कधी जाईल आणि पंप कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. पोफळीच्या बागेत शिंपण्याचे पाट. बाग संपते तिथे पऱ्या. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो आणि मृगाच्या सरी कोसळल्या की बघता बघता कमरेएवढा होऊन धावायला लागतो. गुहागर तालुक्यातलं माझं सासर हे असं आहे. आम्ही राहतो रत्नागिरीत, पण गणपती, शिमगा, मे महिन्याची सुट्टी, सगळं गावच्या घरी.

आल्यागेल्याला धास्ती असते ती समुद्राची. पण दोन-अडीच वर्षांच्या मुलाला समुद्रापर्यंत कुणीतरी न्यावं लागतं. पिंपापर्यंत ते स्वतः जातं.

या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बालदीत वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर आत जातं, आणि हातांच्या जोरावर स्वतःला वर उचलायची ताकद त्याच्यात नसते. नाक-तोंड बुडेल एवढं, चार बोटं पाणीही पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२१ या एका वर्षात जगभरात अंदाजे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास पाव हिस्सा मुलं पाच वर्षांच्या आतली होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लेक मांडीवर झोपली होती. त्या रात्री मी उठून पिंपावर झाकण आहे का ते बघून आले.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बुडणारं माणूस आरडाओरडा करत नाही. सिनेमात दाखवतात तसे हात हलवत ‘वाचवा, वाचवा’ म्हणायला छातीत हवा लागते, आणि तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना मिळेल तो क्षण श्वास घेण्यातच जातो. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे ते वर करून खूण करणंही जमत नाही. हे सगळं मिनिटभरात संपतं, लहान मुलाच्या बाबतीत त्याहूनही लवकर. माजघरात बसून ‘आवाज आला की जाते’ म्हणणाऱ्या आईला आवाज येत नाही. म्हणून पाण्याशी कानाने पहारा देता येत नाही, डोळ्यानेच द्यावा लागतो, आणि तोही हात लांब केला की मूल हाताला लागेल एवढ्या अंतरावरून.

लेकीला पोहायला घालायचं मनात आलं ते या सगळ्यातून. स्पर्धा, मेडल, उंची वाढणं, भूक लागणं हे माझ्या डोक्यात नव्हतं. तिच्या आयुष्यात पाणी असणारच आहे, तर तिची त्याच्याशी ओळख लवकर आणि नीट व्हावी, एवढंच होतं.

वय कितीचं हवं, यावर चार माणसांची चार मतं. सासरे म्हणाले, सहा-सात वर्षांची होऊ दे. माझी आई म्हणाली, आत्ता नको, सर्दी होईल. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचाही पूर्वी सल्ला होता की चार वर्षांच्या आत पोहण्याची शिकवणी लावू नये. २०१० मध्ये त्यांनी तो सैल केला आणि २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की एक वर्ष पूर्ण झाल्यावर पुष्कळ मुलांना शिकवणीचा फायदा होऊ शकतो. यामागे जे संशोधन आहे त्यात २००९ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. एक ते चार वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर शिकवणी घेतली होती, त्यांचा बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. अभ्यासातली मुलं थोडी होती, त्यामुळे नेमका आकडा जपूनच घ्यायला हवा. पण लहानपणी शिकवलं तर मूल धीट होऊन पाण्याकडे जास्त धावेल, ही जी जुनी भीती होती तिला त्यातून आधार मिळाला नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी मात्र अशा शिकवणीने धोका कमी होतो असा पुरावा नाही. तान्ह्या बाळाला पाण्यात बुडवून ‘बघा कसा पोहतोय’ म्हणणारे व्हिडिओ फिरत असतात, ते मला बघवत नाहीत. तान्ह्याचा श्वास पाण्याखाली काही क्षण आपोआप रोखला जातो, आणि ती क्रिया काही महिन्यांत ओसरते. त्याला पोहणं म्हणत नाहीत.

डॉक्टरांनी शेवटी एक वाक्य सांगितलं. शिकवणी लावा, पण शिकवणी लावली म्हणून तुमची नजर एक इंचही लांब जाता कामा नये.

मग तलाव शोधणं आलं. मोठ्या तलावांवर बहुतेक ठिकाणी वयाची आणि उंचीची अट असते, आणि ती बरोबरच आहे. साडेतीन-चार फूट पाण्यात अडीच वर्षांचं मूल उभंच राहू शकत नाही. गावाबाहेर एका जागी लहान मुलांचा उथळ तलाव आहे आणि तिथे एक ताई शिकवतात असं कळलं. त्यांची अट एकच होती. मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस पाण्यात उतरलं पाहिजे. काठावरच्या खुर्चीत बसून चालणार नाही, आणि मोबाइल बॅगेत.

मी तोवर कधी पाण्यात उतरले नव्हते. भाट्याच्या किनाऱ्यावर पावलं भिजवली असतील, तेवढंच.

पहिले काही दिवस आम्ही पोहलोच नाही. तलावाच्या पायरीवर बसायचं, मगने पाणी घ्यायचं, आधी पायावर, मग खांद्यावर, मग स्वतःच्या हाताने डोक्यावर ओतायचं. दुसऱ्या कुणी ओतायचं नाही. मुलीच्या तोंडावरून पाणी ओघळलं की ती दोन्ही मुठींनी डोळे चोळायची. ताई म्हणायच्या, “पुसू नका, तिला डोळ्यांची उघडझाप करू दे.” हळूहळू ते चोळणं गेलं. मग मगातल्या पाण्यात तोंड घालून फुर्र करून बुडबुडे काढणं. ते तिला एवढं आवडलं की घरी वरणाच्या वाटीतही सुरू झालं. यात खेळ दिसतो तेवढाच नाही. तोंड पाण्याजवळ आलं की आत ओढायचं नसतं, बाहेर फुंकायचं असतं, ही सवय अंगात मुरायला हेच बुडबुडे लागतात.

त्यानंतर काठ. ताईंचा सगळा भर काठावर. दोन्ही हातांनी तलावाची कड धरायची आणि हात सरकवत सरकवत कडेकडेने जायचं. त्याला त्या ‘कुर्ली चालली’, म्हणजे खेकडा चालला, म्हणतात, आणि आमच्याकडच्या पोरांना कुर्ली आडवी कशी जाते हे शिकवावं लागत नाही. मग काठावरून बाहेर येणं. एक कोपर वर, दुसरं कोपर वर, मग पोट, मग गुडघा. माझ्या लेकीला हे जमायला फार वेळ लागला. कोपरं वर यायची, पोट घसरायचं, ती पुन्हा पाण्यात, मी कमरेला हात लावून उभी. मला वाटायचं तिला जरा वर ढकलावं. ताई मान हलवून नको म्हणायच्या. ज्या दिवशी तिचा गुडघा पहिल्यांदा काठावर टेकला, तेव्हा ती ओलीचिंब उभी राहून स्वतःच टाळ्या वाजवायला लागली, आणि लगेच पुन्हा पाण्यात उतरून तेच पुन्हा.

हात कसे मारायचे, पाय कसे मारायचे हे या वयात दुय्यम आहे, असं आता माझं ठाम मत झालंय. तीन वर्षांचं मूल अचानक पाण्यात पडलं तर त्याला दुसऱ्या टोकाला पोहत जायचं नसतं. त्याला वळायचं असतं, जिथून पडलं तिकडे तोंड करायचं असतं आणि काठ पकडायचा असतो. ताई हेच घोटून घेतात. काठावर बसवायचं, पाण्यात उतरवायचं, वळायचं, धरायचं. रोज. पालकांनी फी भरताना ‘महिन्याभरात फ्रीस्टाइल येईल का’ असं विचारलं की त्या शांतपणे सांगतात, येणार नाही.

उताणं तरंगणं मात्र कठीण गेलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकवून, अंग सैल सोडून आभाळाकडे बघत पडायचं. कानात पाणी गेलं की ती बिथरायची, गळ्याला मिठी मारायची. यात घाई केली नाही. काही वेळा नुसतं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तळ्याकाठच्या माडावरचे कावळे मोजायचे, एवढंच. रडत्या मुलाला जबरदस्तीने पाठीवर झोपवणारे शिक्षक असतात, आणि रडणं थांबलं म्हणजे शिकलं असं समजणारे पालकही असतात. मला ती पद्धत मान्य नाही. मूल थकूनही गप्प होतं.

आमच्या गावात अजून म्हणतात, दे ढकलून, आपोआप हातपाय मारील. पुष्कळ मोठी माणसं छातीवर हात ठेवून सांगतात की मला असंच विहिरीत टाकलं आणि मी शिकलो. शिकलेले सांगायला उरले. जे उरले नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगणार?

सासऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला लिहून ठेवावीशी वाटते. ते विहिरीतच शिकले, पण त्यांना कुणी ढकललं नाही. आगरातल्या जुन्या जांभ्याच्या विहिरीला आत उतरायला पायऱ्या आहेत. मे महिन्यात पाणी खाली जातं, तळ दिसायला लागतो, तेव्हा गावातली सात-आठ वर्षांची मुलगे मंडळी शिकायला यायची. पाठीला दोन असोले, म्हणजे वरच्या सोडणासकट (काथ्याच्या सालीसकट) असलेले सुके नारळ बांधायचे, सोडणाचीच दोरी करून एकमेकांना जोडलेले, कुणाकडे पांगाऱ्याचं हलकं सुकं लाकूड. चुलत्यांपैकी एक जण पाण्यात, एक पायरीवर. काही दिवसांनी एक नारळ सोडायचा, मग दुसरा. “दुसरा नारळ कधी सोडला ते मला कळलंच नाही,” असं ते दर वेळी सांगतात.

त्यांना मी तलावावर घेऊन गेले होते. दंडात हवेचे फुगे घातलेली काही मुलं दुसऱ्या बाजूला उडत होती. सासरे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अगो, ही पोरं उभी राहिलीयत पाण्यात. पोहणारा आडवा असतो.” ताई तिथेच होत्या. त्यांनी मान डोलावली. दंडातले फुगे मुलाला उभं धरून ठेवतात, पाय खाली लोंबत राहतात, आणि मुलाला वाटतं आपण पाण्यात उभे राहू शकतो. फुगे काढलेल्या दिवशी तेच मूल त्याच विश्वासाने उतरतं आणि सरळ खाली जातं. पाठीवरचा नारळ माणसाला पालथं, आडवं ठेवतो. शिकणाऱ्याचं अंग पहिल्या दिवसापासून पोहण्याच्या स्थितीत असतं. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळातल्या कुणाला तरी हे कळलं होतं, आणि ते पुस्तकात न लिहिता मे महिन्यामागून मे महिना चालत आलं. नारळ काही जीवरक्षक जाकीट नव्हे, दोरी सैल झाली तर तो सुटतो, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या पाठीला मी तो बांधणार नाही. होडीत बसताना लागतं ते मापाचं, बंद नीट लागणारं जाकीटच. पण त्या विहिरीवरची शिस्त, एक माणूस आत आणि एक पायरीवर, ती मला आजच्या कितीतरी तलावांवर दिसत नाही.

त्या विहिरीवर मुली मात्र कधी नव्हत्या. रहाटावर होत्या, धुण्याच्या दगडावर होत्या, डोक्यावर कळशी आणि कमरेवर कळशी घेऊन घाटी चढत होत्या. पाण्याशी अख्खं आयुष्य त्यांचंच गेलं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून त्याच विहिरीचं पाणी ओढत होत्या, नळ येईपर्यंत. त्यांना पोहता येत नाही. माझ्या आईला येत नाही. गावातल्या बहुतेक घरांत दुपारी लहान मुलांजवळ जे माणूस असतं, आई, आजी, काकू, त्याच माणसाला पोहता येत नाही. मूल पाण्यात पडलं तर त्या माऊलीने काय करावं अशी आपली अपेक्षा असते? ती मागचा-पुढचा विचार न करता उडी घेते, आणि मग एकाच्या जागी दोन जातात. अशा बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. न येणाऱ्याने आत उडी घ्यायची नसते. काठी, साडी, दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेकायचं असतं. हे सांगायला सोपं आहे, स्वतःचं मूल आत असताना करणं महाकठीण. म्हणून मला वाटतं, मुलाच्या शिकवणीआधी किंवा तिच्याबरोबर घरातल्या बाईची शिकवणी व्हायला हवी. लेकीच्या बरोबरीने मी शिकले. तिच्या बुडबुड्यांबरोबर माझे बुडबुडे. आता मी तलावाची रुंदी न थांबता पार करते, आणि तिला पाण्यात धरताना माझ्या हातातली थरथर गेलीय. ती थरथर मुलांना बरोबर कळते.

बाहेर काढल्यावर काय करायचं तेही घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आमच्याकडे अजूनही बुडालेल्याला उलटं धरतात, गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढत बसतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर सपाट जागी उताणं ठेवून आधी तोंडाने श्वास द्यायचे असतात आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करायची असते, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा असतो. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर करून बघावं लागतं. आमच्या ताईंनी पालकांसाठी एक दुपार त्यासाठी ठेवली होती. माझ्या हाताखालचा तो रबरी बाळाचा पुतळा आणि ताईंचा आवाज, “अजून खोल दाबा, घाबरू नका,” हे मला तलावावरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त लक्षात आहे.

बाकी व्यवहाराच्या चार गोष्टी. लहान मुलं फार लवकर गारठतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळची बॅच आम्ही घेतच नाही, ऊन तापल्यावर जातो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर. ओठ निळसर दिसले की खेळ कितीही रंगात असो, टॉवेल. घरी आल्यावर मऊभात, वर तूप-मेतकूट. त्या दिवशी ती मागून खाते. पोट बिघडलं असेल, कान दुखत असेल तर तलाव बंद. तलावाला क्लोरिनचा उग्र वास मारत असेल तर पाणी फार स्वच्छ आहे असं लोक समजतात. खरं तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की तो वास येतो, आणि त्याचा अर्थ पाण्याकडे लक्ष द्यायची वेळ झाली असा होतो. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्यावेत. निळे-पांढरे कपडे पाण्याखाली दिसेनासे होतात.

आता समुद्र. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला समुद्रात पोहायला शिकवू नये, एवढं मी सरळ सांगते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, तिथे पोहणाऱ्या लहान मुलांचं मला अपार कौतुक आहे, पण ती मुलं तलावात वर्षानुवर्षं घडलेली असतात. तलावात काठ जागचा हलत नाही. समुद्रात काठच सरकतो. गणपतीपुळ्याला किनारा असा उतरता आहे की गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की छातीपर्यंत जातं, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते. तिथे लावलेले फलक लोक वाचतात, आणि फलकाशेजारून मुलाला खांद्यावर घेऊन आत जातात. जून-जुलैत, १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते खारवी-कोळी जेव्हा आत जात नाहीत, तेव्हा दोन दिवसांच्या सुट्टीला आलेल्या माणसाने आत का जावं?

लेकीला समुद्राची ओळख आम्ही वाळूतच करून देतो. ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूवर, हात हातात. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही, हा नियम. सासऱ्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं, जे किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या माणसाला येतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि तेवढंच जोरात मागे ओढतं. मिनिटांचा फरक पडतो, पण फिरायला कधी निघायचं ते ठरवायला एवढं पुष्कळ होतं. लेकीला अजून पाऊणपट कळत नाही. तिला एवढंच माहीत आहे की आजोबा कॅलेंडर बघून सांगतात, आणि आजोबांनी नाही म्हटलं तर नाही.

तलावावरच्या पहिल्या नियमाचा परिणाम मात्र मला घरात दिसला. ताईंनी पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आई ‘ये’ म्हणेल तेव्हाच. गेल्या गणपतीत गावी मागीलदारी तांब्याचं घंगाळ भरून ठेवलं होतं. लेक त्याच्या काठाशी गेली, दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली आणि मोठ्याने विचारलं, “जाऊ?” मी चार हातांवरच होते. या एका शब्दावर विसंबून मी तिला पाण्याजवळ एकटी सोडणार नाही. तरी तो शब्द तिच्या तोंडी आला, हे मला तिच्या हातपाय मारण्याहून मोठं वाटतं.

माझ्या लेकीला तलाव मिळाला, ताई मिळाल्या, फी भरायला पैसे होते. वाडीतल्या सगळ्या मुलांना हे मिळणार नाही, हे दिसतंच. बांगलादेश हा आपल्या कोकणासारखाच, दर घराशेजारी पाणी असलेला देश. तिथे त्यांनी बघितलं की लहान मुलं बुडतात ती बहुतेक घराजवळच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, आणि सकाळी, आई कामात असताना. मग त्यांनी गावोगाव ‘आंचल’ नावाची पाळणाघरं काढली. एक ते पाच वर्षांची मुलं सकाळी नऊ ते एक तिथे, गावातल्याच एका बाईच्या नजरेखाली. त्याहून मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव बुडवून, त्यात उथळ जागा करून पोहायला शिकवतात. बांबूच! तलाव बांधायला कोट्यवधी लागत नाहीत, माणसाने लक्ष द्यायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनाही असंच सांगते: शाळेत जाणाऱ्या, सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणं शिकवा आणि त्याहून लहानांसाठी पाण्यापासून दूर, देखरेखीची जागा करा.

आपल्याकडे वाडीवाडीला अंगणवाडी आहे, पण तिथली शाळा तीन वर्षांवरच्या मुलांची. एक ते तीन हे सगळ्यात धावरं, सगळ्यात अजाण वय, आणि भातलावणीच्या दिवसांत त्यांना बघायला घरात कुणी नसतं. आई चिखलात, आजी चुलीपाशी, पऱ्या भरलेला. अंगणवाडीच्याच खोलीत लावणीचा महिनाभर वाडीतल्या दोन बायांनी आळीपाळीने ही पोरं सांभाळली, तर ते तलावाइतकंच मोलाचं होईल. हे मी आमच्या वाडीच्या बैठकीत बोलले. लगेच कुणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. विहिरींवर लोखंडी जाळी बसवायचं मात्र ठरलं. तीन विहिरींची मापं घेऊन झाली आहेत, गुहागरच्या वेल्डरला आगाऊ रक्कम दिलीय, आणि जाळीला एक झाकणाचा चौकोन ठेवायचा की नको यावर अजून वाद चालू आहे. सासरे म्हणतात ठेवा, मे महिन्यात पोरांना उतरायला हवं. मी म्हणते ठेवा, पण कुलूप असू दे आणि किल्ली दोन घरांत.

आणि परवा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, “अगो, तिथे पूर्ण बाह्यांचे कपडे चालतात ना?” चालतात, पायघोळ पँट आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस रत्नागिरीत मिळतो. बायकांची बॅच सकाळी अकराला असते. लेकीने त्यांना ताकीद दिलीय की आधी पायरीवर बसायचं आणि मग विचारायचं.